शोकेसमधलं रान

आमच्या सालातलं, म्हणजे बैठकीच्या खोलीतलं, शोकेस माझ्या थोरल्या भावाचे सत्कार ठेवण्यासाठी होतं. तो दोन वेळा पंचायतीवर निवडून आला, आणि त्या काळात गोव्यातल्या आमच्या धारगळच्या आसपास जे काही उद्घाटन, वर्धापन किंवा बक्षीस समारंभ झाला, तिथून तो शाल, नारळ आणि स्मृतिचिन्ह घेऊन परतायचा. नारळ स्वयंपाकघरात जायचा, शाल कपड्यांच्या आर्मारात आणि स्मृतिचिन्ह काचेआड. सोनेरी रंग दिलेले हात, पंख पसरलेला गरुड, काचेचा ताजमहाल आणि एका क्रिकेट स्पर्धेचा भलामोठा चषक. दादा जन्मात क्रिकेट खेळला नव्हता, पण स्पर्धेला नारळ त्यानेच फोडला होता.

पुढे त्याने हमरस्त्याच्या बाजूला बंगला बांधला. तिथे नवं शोकेस आलं, आतून दिवे असलेलं. जुनं आमच्याकडे राहिलं. "वडलांच्या वेळचा सागवान आसा, सांबाळून ठेय," असं सांगून तो गेला. मी आतली धूळ पुसली आणि काय ठेवावं याचा विचार करू लागलो. माझा सत्कार कधी झाला नव्हता. वाचनालयात नोकरी करणाऱ्याचा सत्कार निवृत्तीच्या दिवशी होतो, आणि त्या दिवशी मला मिळालेली छत्री शोकेसमध्ये मावत नव्हती.

त्यात साप ठेवायचा विचार माझा नव्हता. साप मुळात माझा नव्हताच.

आमची एकुलती मुलगी पशुवैद्यकी शिकायला महाराष्ट्रात गेली. तिची म्हापशाची मैत्रीण पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेली. देश सोडताना आमच्याकडे लोक घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवतात. या मुलीने साप ठेवला. आफ्रिकेतला छोट्या जातीचा अजगर, जेमतेम माझ्या हाताएवढा लांब, अंगावर करपलेल्या भाकरीसारखे डाग. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो. आपल्याकडचा साप पाळणं गुन्हा आहे, आफ्रिकेतला पाळायला अर्ज करावा लागतो; तो अर्ज माझ्या मुलीने रीतसर केला होता. हॉस्टेलवर मात्र असा कुठलाच अर्ज चालेना. म्हणून तो थोडे दिवस आमच्याकडे आला. आमच्याकडे थोडे दिवस म्हणून आलेल्या गोष्टी सहसा मोठ्या होऊनच जातात.

बायकोने त्याला नाव ठेवायला नकार दिला. ती त्याला 'तो' म्हणायची, आणि तेही मान वळवून. त्याचं खाणं म्हणजे गोठवलेले उंदीर. ते बेळगावकडून थर्मोकोलच्या पेटीत यायचे. ते फ्रीजमध्ये बांगड्यांच्या शेजारी ठेवायला ती तयार झाली, पण आइस्क्रीमच्या डब्यात घालून, झाकणावर स्वतःच्या अक्षरात 'उघडू नये' असं लिहून. पाहुण्यांनी तो डबा बाहेर काढला की ती हातातून घ्यायची आणि म्हणायची, "तें खराब जालां."

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांच्याही लक्षात आली होती, आणि दोघांपैकी कोणीही ती बोललं नव्हतं. मुलगी आधी रविवारी फोन करायची, तोही बसमधून, कुठेतरी उतरता उतरता. साप आल्यापासून फोन रोज संध्याकाळी यायला लागला. पाणी प्यायला का, कात कशी टाकली, कुठल्या बाजूला झोपलाय, दाखवा. मी फोन त्याच्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यावर धरायचो. सगळी चौकशी झाली की शेवटी विचारायची, "तुमी जेवलात?" घरातल्या जिवांच्या यादीत आमचा नंबर सापानंतर होता, पण यादीत होता.

मग तो खायचा थांबला.

उंदीर गरम पाण्यात सोडून, कोमट करून, लांब चिमट्याने मी त्याच्यासमोर धरायचो. तो पंगतीत तिसऱ्यांदा आलेल्या वाढप्याकडे बघावं तसं बघायचा आणि तोंड फिरवायचा. असे आठवडे गेले. मुलगी म्हणाली, ही जात कधीकधी महिने महिने उपाशी राहते, घाबरू नका. पुढच्या वेळी तिने वजन विचारलं आणि घाबरली. म्हणाली, त्या पारदर्शक डब्याचाच दोष आहे. चहूबाजूंनी दिसतं, लपायला जागा नाही, खाली वर्तमानपत्र. त्याला खऱ्या मातीचं, झाडापाल्याचं घर हवं. आणि चतुर्थीला मी येईपर्यंत त्याने खाल्लं नाही, तर मी त्याला घेऊन जाते. पुण्याला एक जण असे साप ठेवतो, त्याच्याकडे सोडते.

फोन स्पीकरवर होता. तो बंद झाल्यावर बायको बराच वेळ कोथिंबीर निवडत राहिली. मग म्हणाली, "तो गेलो म्हणजे ती रोज कित्याक फोन करतली?"

 दुसऱ्या दिवशी मी शोकेसच्या फळ्या काढल्या.

या प्रकाराला हल्ली मोठं नाव आहे. अर्थ साधा आहे: पेटीत जिवंत माती भरायची. खाली पाणी झिरपायला जागा, वर माती, तिच्यावर पालापाचोळा, त्यात रोपं आणि बारके किडे. साप घाण करतो, किडे ती खातात, त्यावर रोपं वाढतात, आणि माणसाने मध्ये पडायचं नसतं. बायकोला यातली झाडू मारायची गरज नसलेली बाजू पसंत पडली. दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे घाण भितर ठेवची?" पंचायतीत दोन कारकिर्दी घालवलेल्या माणसाला ही कल्पना नवी का वाटावी, कळलं नाही.

मुलगी रोज फोनवरून सूचना द्यायची आणि मी त्या आमच्या भाषेत उतरवायचो. तिने सांगितलेल्या मातीच्या गोळ्यांऐवजी मी फुटकी कौलं आणि चिऱ्याची खडी टाकली. त्यावर मासे वाळवायची जुनी जाळी. काथ्याचा भुसा घरचाच, वाळू चोपड्याहून आणलेली बांधकामातली उरलेली. फणसाची आणि आंब्याची सुकी पानं, पावसाने हिरवं झालेलं कंपाउंडवरचं शेवाळ, विहिरीच्या काठावरचा नेचा. दगडाखाली राहणारे, हात लावला की गोळी होणारे करडे किडे मी चमच्याने गोळा केले. शेजारची काकी कुंपणावरून बघत होती. तिने विचारलं काय करतोस, मी म्हटलं किडे गोळा करतोय. तिने मान हलवली आणि निवृत्तीनंतर माणसाचं असंच होतं, अशा अर्थाचं काहीतरी आत जाऊन सांगितलं.

माती मात्र कमी पडत होती. मुलीने बजावलं होतं की बाहेरची माती वापरायची तर आधी भाजून घ्या, नाहीतर नको ते किडे येतील. बायको म्हणाली, माती भाजायला तिची कढई मिळणार नाही. तेव्हा मला आमच्या काजूच्या भाटातलं, म्हणजे बागेतलं, वारूळ आठवलं. आमच्याकडे त्याला रोयण म्हणतात. पेडण्यात आणि डिचोलीत गावोगाव सातेरीचं देऊळ आहे, आणि बहुतेक ठिकाणी गाभाऱ्यात मूर्ती म्हणजे रोयणच असते. मातीचा उभा डोंगर, त्यावर मुखवटा. लहानपणापासून मी ऐकत आलो की रोयणीच्या मातीएवढी चोख माती नाही. म्हाताऱ्या बायका ती घरातल्या भिंतीला लावायच्या. मी कुठल्याच देवाला नवस न बोललेला माणूस. पण देवीची माती भाजायची काय गरज, हा विचार माझ्या डोक्यात इतक्या सहज आला की तो माझा नाही हे मला कळलंसुद्धा नाही. रोयणीला धक्का न लावता पायथ्याशी पडलेली सुटी माती मी बाल्दीत भरून आणली. चप्पल मात्र आधी काढली होती. का, ते मला विचारू नये.

काही दिवसांत शोकेस असं सुंदर दिसू लागलं की त्याने आयुष्यात पहिल्यांदा बघण्यासारखं काही दाखवलं. नेच्याची कोवळी पानं उलगडली. कोपऱ्यात मी एक पोकळ ओंडका ठेवला. साप आत सोडला, त्याने जिभेने दोन-तीन वेळा चव घेतली, पाल्याखाली शिरला आणि नाहीसा झाला.

हे त्या घराचं यश होतं आणि अडचणही. दादाने आपल्या ओळखीची माणसं साप दाखवायला आणली. ती काचेला नाक लावून उभी राहायची आणि पानं बघून परत जायची. एकाने विचारलं, आत खरंच काही आहे की नुसतं म्हणता? दादाला ते लागलं. शोकेसमध्ये ठेवलेली वस्तू दिसत नाही, हे त्याच्या सगळ्या अनुभवाच्या विरुद्ध होतं. तो बोटाने काच वाजवायचा. पाल्याखालून कुठूनतरी एक डोळा आमच्याकडे बघत असणार, पण खायला तो बाहेर आला नाही. उंदीर तसाच परत यायचा, आणि फोनवर मुलीचा आवाज रोज थोडा छोटा व्हायचा.

आषाढ अर्धा सरला.  एका सकाळी शोकेसच्या मागच्या कोपऱ्यात, सागवानाच्या फळीला टेकून, ओल्या तांबड्या मातीचा एक बोटभर उंचवटा दिसला. दोन-तीन दिवसांत तो मुठीएवढा झाला, मग वीतभर. वाळवी. मातीतून आली की भिंतीतून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. वडिलांच्या वेळचा सागवान ती आतून खात होती आणि बाहेरून रोयण बांधत होती.

बाहेरच्यांपैकी ते पहिल्यांदा काकीने पाहिलं. तांदूळ परत द्यायला आली होती. शोकेससमोर थबकली, हातातली वाटी बसायच्या कदेलीवर ठेवली आणि पदर डोक्यावरून घेतला. म्हणाली, तू तिची माती घरात आणलीस, ती तुझ्या पाठोपाठ आली. तिने काचेला हळदकुंकू लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्याची थट्टा करण्याइतका मी हुशार नाही.

दादाच्या डोळ्यांत मात्र दुसरंच काही होतं. तो संध्याकाळीच आला, उंचवट्याकडे पाहिलं, मग खोलीच्या लांबीरुंदीकडे. खाली संगमरवराची पायरी हवी. बाजूला एक फलक, अर्पण करणाऱ्याच्या नावाचा. शोकेस त्याचंच होतं ना. नागपंचमी तोंडावर आली होती, त्या दिवशी सुरुवात करायची. देवी आहे आणि तिच्यासोबत नागही आहे, असा योग सगळ्या तालुक्यात कुठे नसेल. मी सांगितलं की तो नाग नाही, आफ्रिकेतला अजगर आहे.

"लोकांक कितें कळटा?" दादा म्हणाला. "तो भायर येवंक जाय, इतलेंच पळय." म्हणजे साप त्या दिवशी बाहेर दिसायला हवा, एवढी जबाबदारी माझी.

मी आयुष्यभर दादाला नाही म्हणू शकलेलो नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडायच्या आत त्याचं भाषण सुरू झालेलं असतं. मी फक्त म्हटलं की साप उपाशी आहे, गर्दीने बिचकेल. तो म्हणाला, देवीच्या पायाशी कोणी उपाशी राहत नाही. त्याच आठवड्यात माणसं यायला लागली. उदबत्तीचा धूर जाळीतून आत जायचा. कोणीतरी वरच्या झडपेतून दूध ओतलं. माझ्या गोळी होणाऱ्या किड्यांपैकी बरेच त्या अभिषेकात गेले. दादाने लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ शोकेसभोवती गुंडाळली, म्हणजे तो कोपरा दिवसरात्र लग्नाच्या मांडवासारखा दिसू लागला. मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिने एकदा विचारलं की त्याच्या मागे लाल-हिरवं काय चमकतंय. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि नेटवर्क खराब आहे असं सांगितलं.

श्रावण लागला आणि घरात मासे बंद झाले. नागपंचमीच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात हळदीच्या पानांचा वास भरला होता. बायको पातोळ्या उकडत होती. मातीचा नाग पाटावर बसला होता. सालात माणसं जमली. दादा नवा सदरा घालून आला. हातात माइक होता, सालाला माइकची गरज नव्हती तरी. चतुर्थी आता काही आठवड्यांवर होती, आणि मी मनातल्या मनात त्या पुण्याच्या माणसाच्या घरी साप सोडून आलो होतो.

तेवढ्यात बायको आतून आली. एका हातात पातोळ्यांचं ताट, केळीच्या पानाने झाकलेलं. दुसऱ्या हातात दादाची एक जुनी सत्काराची शाल, बंगल्यात जायची राहून गेलेली, जरीच्या काठाची. तिने ताट माझ्याकडे दिलं, शाल शोकेसच्या वरच्या पट्टीला दोन्ही टोकांनी खोचली आणि समोर सोडली. काच झाकली गेली.

"दादा, नैवेद्य दाखयता," ती म्हणाली. थोरल्या दिराला ती दादाच म्हणते. "दिवे बंद करात."

 आमच्या देवळात नैवेद्याच्या वेळी पडदा ओढतात. देव जेवत असताना त्याच्याकडे कोणी बघत नाही, आवाज करत नाही. दादाने स्वतः दिव्यांची माळ बंद केली. माइक खाली ठेवला. सगळ्यांनी हात जोडून डोळे मिटले. त्या खोलीत कितीतरी दिवसांत पहिल्यांदा अंधार झाला आणि शांतता झाली.

बायकोने मला डोळ्याने शालीच्या आत ये अशी खूण केली. पाठीला शाल, नाकाला काच, असे आम्ही दोघं लग्नातल्या अंतरपाटाच्या चुकीच्या बाजूला उभे राहिलो. तिने ताटावरचं केळीचं पान थोडं उचललं. पातोळ्यांच्या कडेला, वेगळ्या वाटीत, उंदीर होता. गरम पाण्यात कोमट केलेला, पुसून कोरडा केलेला. शेजारी माझा लांब चिमटा. ज्या बाईने श्रावण लागल्यापासून अंडंसुद्धा घरात येऊ दिलं नव्हतं, तिने हे पहाटे कधी केलं, मला माहीत नव्हतं. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि पातोळ्यांचं ताट देवीसमोर, काचेच्या बाहेरच्या कडेवर नीट मांडलं. मला वाटतं, तिच्या दृष्टीने यात खोटं काही नव्हतं. नैवेद्य खरा होता. फक्त जेवणारे दोघं होते.

मी काच बोटभर सरकवली. चिमटा पाल्यावर धरला. ओंडक्याच्या तोंडातून आधी जीभ आली, मग डोकं, मग मानेचा आकडा झाला. तो कितीतरी वेळ तसाच राहिला. बाहेर कोणीतरी खोकलं, आणि कोणीतरी त्याला गप्प केलं. मग माझ्या हातातल्या चिमट्याला जोराचा हिसका बसला आणि ओंडका काचेवर आपटून खाडकन आवाज झाला.

बाहेर काकीचा आवाज आला, हळू, भरून आलेला: "घेतलो गे बाय. घेतलो तिणें."

माझ्या बायकोने माझा दंड घट्ट धरला. एवढा घट्ट तिने तो मुलगी जन्मली त्या दिवशी धरला होता. सापाने उंदराभोवती वेटोळी घातली, मग सावकाश जबडा उघडला. सापाचं जेवण घाईचं नसतं. पलीकडे माणसं पाय बदलू लागली. दादाने विचारलं, झालं का?

"देवीक जेवंक वेळ लागता, दादा," ती शालीतूनच म्हणाली.

दादा थांबला. त्याच्या समोर, त्याच्याच शालीमागे, श्रावणात, एक आफ्रिकी अजगर उंदीर गिळत होता आणि तो हात जोडून उभा होता. त्याच्या सगळ्या सत्कारांत इतका वेळ तो कधी गप्प राहिला असेल असं मला वाटत नाही. शेपटीचं टोक आत गेल्यावर मी काच लावली. पातोळ्या सगळ्यांना वाटल्या.

पडदा मात्र परत उघडला नाही. बायकोने सांगून टाकलं की देवीला आडोसा हवा आहे. काकीला ते लगेच पटलं. ती आजही शुक्रवारी शालीसमोर एक फूल ठेवते आणि जाते. ती कधीच काही बघायला आली नव्हती. दादाची मात्र पंचाईत झाली. झाकलेल्या देवीसोबत फोटो काढला तर मागे फक्त त्याचीच शाल येत होती. संगमरवराची पायरी आली नाही. पुढच्या महिन्यात त्याला कुठल्याशा सभागृहाच्या पायाभरणीचं आमंत्रण आलं आणि तो तिकडे वळला. दिव्यांची माळ तेवढी घेऊन गेला.

मुलगी चतुर्थीला आली. बॅग सालातच टाकून शोकेसकडे गेली, शाल उचलली, हात आत घालून त्याला बाहेर काढलं आणि तळहातावर तोलत राहिली. वजनकाटा तिने आणलाच होता, पण तो काढला नाही. मग तिचं लक्ष मागच्या कोपऱ्यातल्या वीतभर रोयणीकडे आणि पोखरलेल्या फळीकडे गेलं.

"पपा, माती भाजली नव्हती ना?"

मी म्हटलं, नाही.

ती हसली. फळी बदलायला हवी म्हणाली, पण रोयण तशीच ठेवली. मग विचारलं, ही काकांची शाल इथे कशाला?

"जेवताना कोणी टक लावन पळयलां तर तुका आवडटा?" आईने विचारलं.

पुण्याच्या माणसाचं नाव पुन्हा निघालं नाही. दुपारी ती जेवायला बसली. खतखतं, भाजी, नेवऱ्या. खूप दिवसांनी भूक लागल्यासारखी, मान खाली घालून जेवत होती. आम्ही दोघं समोर बसलो होतो, ताटं भरलेली, हात तसेच.

"कितें पळयतात दोगांय?" ती मान वर न करता म्हणाली.

मी तोंड फिरवून जनेलातून बाहेर बघू लागलो. बायको उठून पाणी आणायला गेली.